कॉफीगृहाची अंतर्रचना आणि बोलण्याचा व्यवहार

१. विषयाची मर्यादा

उपाहारगृहाची अंतर्रचना हा वास्तुशिल्पज्ञाचा विषय असताना भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, चहा-कॉफीच्या दुकानात पेयाइतकीच दुसरी एक गोष्ट सतत घडत असते, ती म्हणजे बोलणे. गिऱ्हाईक मागते, पोऱ्या ओरडून सांगतो, मालक गल्ल्यावरून हिशेब विचारतो, शेजारी बसलेली दोन माणसे ओळख नसताना पावसापाण्याविषयी बोलू लागतात. यांपैकी कोणते बोलणे होईल, कोण कोणाशी बोलेल आणि कोणत्या आवाजात व कोणत्या क्रियारूपात बोलेल, हे पुष्कळ अंशी ओटा कोठे आहे, बाकडी कशी मांडली आहेत आणि छत कशाचे आहे यांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या संबंधाचा विचार करावयाचा आहे.

उदाहरणासाठी पाटण हे गाव घेतले आहे. कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर वसलेले, कराडहून चिपळूणकडे जाणाऱ्या मार्गावरचे हे तालुक्याचे ठिकाण आहे. बाजाराला आलेला शेतकरी, कचेरीत काम असलेला पक्षकार, महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली आणि घाटाखाली जाणारा प्रवासी या सर्वांना येथे कोठे तरी बसून वाट पाहावी लागते. मुंबई-पुण्याकडे अलीकडच्या काळात ‘स्पेशालिटी कॉफी’ देणारी दुकाने निघाली आहेत. तसे एखादे दुकान उद्या पाटणला काढावयाचे झाले, तर त्याची आतील रचना कशी असावी? शहरातील दुकानाची नक्कल करणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. तो चुकीचा का आहे, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२. घरातील जागा आणि हॉटेलातील जागा

मराठीत घराच्या भागांना जी नावे आहेत, ती केवळ स्थळवाचक नाहीत. अंगण, ओसरी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर हा क्रम म्हणजे परक्या माणसाला किती आत येऊ द्यावयाचे याचा क्रम होय. अंगणातून हाक मारणारा वेगळा, सोप्यात घोंगडीवर बसणारा वेगळा आणि माजघरापर्यंत जाणारा वेगळा. प्रत्येक टप्प्यावर बोलण्याची पद्धतही बदलते. अंगणातून हाक मोठ्याने द्यावी लागते. माजघरात हलक्या आवाजात बोलले जाते.

याउलट ‘हॉटेल’ या शब्दाभोवती जमलेला शब्दसंग्रह पाहावा. (मराठीत या शब्दाचा मुख्य अर्थ राहण्याची जागा नसून चहा-फराळाचे दुकान असा आहे, हे सर्वांस ठाऊक आहेच.) गल्ला, काउंटर, टेबल, बाकडे, भटारखाना आणि ‘फॅमिली रूम’, एवढ्यात तो जवळजवळ संपतो. गल्ला ही मालकाची जागा, भटारखाना ही कामगारांची जागा. उरलेली सर्व जागा ‘बाहेर’ या एकाच क्रियाविशेषणात मावते. त्या ‘बाहेर’मध्ये पायऱ्या नाहीत. अपवाद ‘फॅमिली रूम’ या एका जोडशब्दाचा आहे. पडद्याने किंवा फळ्यांच्या आडोशाने वेगळ्या केलेल्या या खोपट्यांना हे नाव कसे पडले, हे कळण्यासाठी ‘फॅमिली’ या शब्दाचा मराठीतील अर्थ ध्यानात घ्यावा लागतो. ‘बरोबर फॅमिली आहे’ या वाक्यात फॅमिली म्हणजे कुटुंबातील बायकामाणसे, बहुधा पत्नी. अर्थात ‘फॅमिली रूम’ या शब्दानेच उरलेली खोली पुरुषांची ठरून जाते. पाटीवर ‘स्त्रियांस मनाई’ असे लिहिण्याची गरजच उरत नाही.

३. पूर्वीची उदाहरणे

कॉफीच्या दुकानातील बोलण्याचे महत्त्व राज्यकर्त्यांनी फार पूर्वी ओळखले होते. लंडनमध्ये पहिले कॉफीगृह १६५२ मध्ये निघाले. पुढे अशा जागी लांब सामायिक मेजांभोवती वेगवेगळ्या स्थितीतील माणसे बसून राज्यकारभाराची चर्चा करू लागली, तेव्हा दुसऱ्या चार्ल्स राजाने डिसेंबर १६७५ मध्ये ही कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला. लोकांचा विरोध इतका झाला की, तो अमलात येण्यापूर्वीच जानेवारी १६७६ मध्ये मागे घ्यावा लागला. राजाला पेयाविषयी तक्रार नव्हती. त्या मेजांभोवती चालणाऱ्या बोलण्याची त्याला धास्ती होती.

आपल्याकडील सर्वांत परिचित उदाहरण इराणी दुकानांचे होय. मुंबईतील कयानी (१९०४) किंवा पुण्यातील गुडलक (१९३५) ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. या दुकानांची अंतर्रचना ठराविक असे: रस्त्याच्या कोपऱ्यावरील जागा, उंच छत, संगमरवरी फळीची मेजे, वाकविलेल्या लाकडाच्या काळसर खुर्च्या, भिंतीवर मोठाले आरसे, आणि दाराशी बरण्या मांडलेल्या काउंटरामागे मालक. यांतील खुर्चीचा मूळ नमुना व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याने १८५९ मध्ये काढलेला आहे. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू व दोन नट एवढ्यात ती जुळते, आणि सुटे भाग केले तर एक घनमीटर पेटीत अशा छत्तीस खुर्च्या मावतात. ती जगभर गेली ती या कारणाने. परंतु आपल्या दृष्टीने तिचा दुसरा गुण महत्त्वाचा आहे. ती हलकी असते. एका हाताने उचलून दुसऱ्या मेजाजवळ नेता येते. म्हणजे बोलणाऱ्यांचा गट गिऱ्हाइकाला स्वतः बनविता येतो. बाकड्यावर ती सोय नाही. आरशांचेही दोन उपयोग होते: खोली मोठी दिसे, आणि कोपऱ्यातल्या मेजावर काय चालले आहे हे मालकाला दाराशी बसून दिसे.

ज्या काळी हिंदू खाणावळींत जातीची चौकशी होत असे, त्या काळी इराण्याचे मेज पैसे देणाऱ्या कोणासही मोकळे होते. या गोष्टीचे महत्त्व केवळ सोयीचे नाही. भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत प्रवेश करण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत सांगावा लागला आणि १९५५ मध्ये अस्पृश्यतेच्या आचरणाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून चहाच्या दुकानातील जागेची वाटणी किती खोल होती हे कळून येते. वेगळी कपबशी, वेगळे बाकडे, पायरीबाहेरची जागा यादेखील अंतर्रचनाच होत. तेव्हा ‘आतली मांडणी’ हा निव्वळ शोभेचा प्रश्न आहे, असे म्हणता येणार नाही.

तिसरे उदाहरण कॉफीगृहाचेच, पण वेगळ्या धर्तीचे आहे. कॉफी बोर्डाने चालविलेली कॉफीगृहे बंद होऊ लागली, तेव्हा कामावरून निघालेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था स्थापन केल्या. पहिली संस्था ऑगस्ट १९५७ मध्ये बंगलोरला निघाली. या परंपरेतील तिरुवनंतपुरम येथील इंडियन कॉफी हाउस बसस्थानकाजवळ आहे व त्याची रचना वास्तुशिल्पज्ञ लॉरी बेकर यांची आहे. विटांची ती गोल इमारत म्हणजे वर चढत जाणारा एक सलग उतार आहे. बाहेरच्या भिंतीला लागून बांधीव मेजे व समोरासमोर बाकडी आहेत; विटांच्या जाळीतून उजेड व वारा येतो. येथे ‘आतली खोली’ असा भागच नाही. वर जाणारा प्रत्येक माणूस सर्व मेजांवरून जातो, पण दोघा-चौघांचे बोलणे मात्र त्यांच्यापुरते राहते. बसस्थानकाच्या गावी आडोसा व मोकळेपणा एकत्र साधता येतात, हे या इमारतीवरून दिसते.

४. अंतर, ओटा आणि आज्ञार्थ

दोन माणसांतील अंतराचा व बोलण्याचा संबंध अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात तपशिलाने मांडला. त्यांच्या मते सुमारे ४६ ते १२२ सेंटिमीटर हे वैयक्तिक बोलण्याचे अंतर, आणि त्यापुढे साधारण साडेतीन मीटरपर्यंतचे अंतर हे कामकाजाच्या बोलण्याचे. हे आकडे अमेरिकेच्या ईशान्य भागातील माणसांच्या निरीक्षणावरून घेतले असून ते सर्व समाजांना लागू नाहीत, हे हॉल यांनीच बजावले आहे. आपल्याकडील बसगाडीत वा बाजारात हे अंतर नेमके तेवढेच राहणार नाही. तथापि अंतर वाढले की आवाज चढतो आणि आवाज चढला की वाक्य तुटक होते, एवढा भाग कोणालाही पडताळून पाहता येईल.

मराठीत याचा परिणाम क्रियापदाच्या रूपावर होतो, असे मला वाटते. जुन्या पद्धतीच्या हॉटेलात गिऱ्हाईक बसलेले असते व पोऱ्या उभा, बहुधा लांब असतो. तेथे ऐकू येणारे वाक्य ‘ए, दोन चहा आण’ किंवा ‘बारक्या, फडकं मार’ असे असते. एकवचनी आज्ञार्थ, संबोधनात ‘ए’. ‘पोऱ्या’ आणि ‘बारक्या’ हे शब्द येथे व्यवसायवाचक झाले आहेत, कारण त्या कामावर खरोखरच लहान मुले असत. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी झाली. शब्द मात्र मागे राहिले. तेच गिऱ्हाईक ओट्याशी उभे राहून, समोरच्या माणसाच्या डोळ्यांना डोळे भिडवून मागते, तेव्हा ‘दोन कॉफी द्या’ असे म्हणते. ‘आण’ आणि ‘द्या’ यांतील फरक केवळ वचनाचा नाही. पहिल्यात ऐकणारा धावणारा असतो. दुसऱ्यात तो देणारा असतो. त्याच वेळी ‘दादा’, ‘मामा’, ‘ताई’ ही नातेवाचक संबोधने सुचू लागतात.

विशेष कॉफीच्या दुकानात या गोष्टीला धंद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. अशा कॉफीत दाणा कोणत्या मळ्यातला, फळ कसे वाळविले, किती भाजले हे सांगावे लागते. न सांगितले तर अधिक किंमत कशाची, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. म्हणून कॉफी करणारा व पिणारा यांच्यामधील ओटा बोलण्याजोगा असला पाहिजे. सुमारे ९० सेंटिमीटर उंच व ६० ते ७० सेंटिमीटर रुंद ओटा असला, तर दोघांतील अंतर एका मीटरच्या आसपास राहते व हलक्या आवाजात बोलता येते. अडचण यंत्राची असते. १९४८ मध्ये इटलीत गाज्जिया यांनी दांड्याचे एस्प्रेसो यंत्र बाजारात आणले व १९६१ मध्ये फाएमा कंपनीचे ‘ई ६१’ हे आडवे यंत्र आले. तेव्हापासून यंत्र ही दुकानाची शोभा समजली जाऊ लागली आणि ते ओट्याच्या दर्शनी बाजूस, गिऱ्हाईक व कामगार यांच्यामध्ये भिंतीसारखे बसविले जाऊ लागले. ते ओट्याच्या एका टोकास बसवावे आणि मधली जागा मोकळी ठेवावी, एवढा साधा फेरफार पुरेसा आहे.

५. आवाजाचा प्रश्न

अंतर्रचनेत डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च होतो व कानांकडे दुर्लक्ष होते. फरशी, काच, गिलावा आणि सिमेंटचे छत असलेल्या गाळ्यात बोललेले शब्द भिंतींवरून वारंवार परततात. या घुमण्याचा काल मोजण्याचे सूत्र वॉलेस सॅबिन यांनी हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहाच्या सदोष श्रवणस्थितीचा अभ्यास करताना शोधले. खोलीचे घनफळ घनमीटरांत घेऊन त्याला ०.१६१ ने गुणावे व आतील पृष्ठभागांच्या एकूण ध्वनिशोषणाने भागावे, म्हणजे घुमण्याचा काल सेकंदांत मिळतो.

सहा मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर उंच असा बाजारपेठेतील गाळा घेऊ. त्याचे घनफळ ७२ घनमीटर व आतील पृष्ठभाग १०८ चौरस मीटर भरतो. गुळगुळीत पृष्ठभाग सरासरी शेकडा ३ ध्वनी शोषतात असे धरले, तर शोषण ३.२४ येते व घुमण्याचा काल सुमारे साडेतीन सेकंद होतो. पंधरा माणसे आत बसली (प्रत्येकाचे शोषण ०.४५ धरून) तरी तो १.१६ सेकंदांखाली येत नाही. आता छताच्या २४ चौरस मीटर भागाखाली निम्मा ध्वनी शोषणारे आच्छादन लावले, तर पंधरा माणसांसह हा काल सुमारे ०.५५ सेकंदांवर येतो. मागे पोकळी ठेवून ताणलेले जाड तागाचे कापड व त्यावर काथ्याचे थर यांनी हे साधता येण्याजोगे आहे.

भाषेच्या दृष्टीने याचा अर्थ काय? स्वरांत ध्वनिशक्ती अधिक व व्यंजनांत कमी असते. घुमणाऱ्या खोलीत आधीच्या स्वराचा अवशेष पुढच्या व्यंजनावर पसरतो. ‘पाच’ आणि ‘पाव’ यांतील भेद केवळ शेवटच्या व्यंजनाचा आहे. असे भेद प्रथम नष्ट होतात. त्यातच दाणे दळण्याचे यंत्र सुरू झाले की लोंबार यांनी १९११ मध्ये वर्णिलेला परिणाम दिसू लागतो: गोंगाटात बोलणारा नकळत आवाज चढवितो. एका मेजाने आवाज चढविला की दुसरे मेज चढविते, आणि थोड्या वेळात सारी खोली ओरडत असते. अशा खोलीत टिकतो तो मोठ्या आवाजाचा माणूस. वृद्ध, कमी ऐकू येणारा आणि चारचौघांत आवाज चढविण्याची सवय नसलेली मुलगी गप्प होतात. म्हणून दळण्याचे यंत्र मागच्या भिंतीशी, आडोशात असावे. छतावरील कापड ही चैन समजू नये.

बसण्याच्या मांडणीविषयी एकच निरीक्षण नोंदवितो. कॅनडातील एका रुग्णालयाच्या उपाहारगृहात ऑस्मंड व सॉमर यांनी केलेल्या पाहणीत, मेजाच्या कोपऱ्याला काटकोनात बसलेली माणसे समोरासमोर बसलेल्यांपेक्षा पुष्कळ अधिक बोलतात, असे आढळले. बाकडी एकामागे एक न मांडता भिंतीलगत काटकोनात फिरविली, तर त्याच जागेत बोलण्याचे कोपरे अधिक मिळतात.

६. पाटी आणि शब्द

अंतर्रचनेत पाटीची गणना सहसा होत नाही. वस्तुतः आत आलेला माणूस प्रथम तीच वाचतो. ‘स्पेशालिटी’ हा शब्द कॉफीच्या व्यापारात १९७४ मध्ये एर्ना क्नुट्सेन यांनी रूढ केला. आज १०० पैकी ८० वा अधिक गुण मिळालेल्या कॉफीस तो लावण्याचा प्रघात आहे. परंतु मराठी कानाला ‘स्पेशल’ हा शब्द पूर्वीच परिचित आहे. ‘एक स्पेशल’ म्हणजे दूध जास्त, साखर जास्त, कप भरून. नव्या दुकानातील विशेष कॉफी मात्र पुष्कळदा बिनदुधाची, बिनसाखरेची व पातळ असते. एकाच शब्दाची ही दोन उलट टोके पाटीवर एकत्र आली, तर फसगत झाल्याची भावना होईल, आणि त्यात दोष गिऱ्हाइकाचा नसेल.

चवीच्या शब्दांचीही तीच गोष्ट आहे. कॉफीतील आंबटपणा हा जाणकारांच्या मते गुण. दुधाच्या पेयात मात्र ‘आंबट’ म्हणताच नासल्याची शंका येते. येथे भाषांतर उपयोगी पडत नाही, निवड करावी लागते. मराठीत चवीच्या छटा प्रत्ययांनी दाखविण्याची उत्तम सोय आहे: आंबटसर, कडवट, तुरट, गोडसर, खमंग. परदेशी चवचक्रातील ब्लूबेरी पाटणच्या गिऱ्हाइकाने पाहिलेली नसेल. करवंद, जांभूळ, आमसूल व काकवी ही त्याच्या जिभेवरची आहेत. ‘आमसुलासारखी आंबटसर, शेवटी गुळाची गोडी’ असे लिहिले, तर त्याला काय मिळणार हे कळेल आणि ते पटले नाही तर तसे सांगण्यासाठी शब्दही मिळतील. ज्या पाटीला गिऱ्हाईक उलट उत्तर देऊ शकत नाही, ती पाटी त्याला गप्प करते.

७. पाटणच्या गाळ्याची रूपरेखा

आतापर्यंतच्या विवेचनावरून पुढील मांडणी सुचते. रस्त्यालगत पडवीसारखा उघडा भाग ठेवावा. येथील पावसाळ्यात छत्री, इरले व ओली पादत्राणे यांना जागा हवीच. शिवाय आत शिरण्याचा निश्चय न झालेल्या माणसाला उभे राहून पाहता व विचारता येते. त्यानंतर ओटा, एका टोकास यंत्र. नंतर भिंतीलगत काटकोनात फिरणारे बाकडे व मध्ये एक लांब सामायिक मेज; काही हलक्या खुर्च्या उचलून नेण्याजोग्या. पडद्याची ‘फॅमिली रूम’ नको. तिच्याऐवजी बसची वाट पाहणाऱ्या मुलींना रस्त्यावरून टक लावून पाहता येणार नाही, पण ओट्यावरून जे दिसते, असा कोपरा द्यावा. अशा रीतीने ओसरी, सोपा व माजघर हा क्रम दुकानात येतो, मात्र कोणी कोठवर यावे हे मालक न ठरविता येणारा ठरवितो.

एक गोष्ट या भागापुरती विशेष सांगावयास हवी. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप येथील लोकांच्या स्मरणात आहे. शहरातील दुकानांत डोक्यावर टांगलेले जड दिवे व उघड्या फळ्यांवर रचलेल्या काचेच्या बरण्या दिसतात. त्यांचे अनुकरण येथे करू नये. फळ्या भिंतीत पक्क्या कराव्यात, बरण्यांना पुढे आडवी पट्टी असावी आणि जड वस्तू कमरेच्या उंचीखाली ठेवाव्यात.

८. अभ्यासाची दिशा

या लेखातील आज्ञार्थाविषयीचे विधान हे निरीक्षण आहे, सिद्धान्त नव्हे. ते तपासण्याची रीत उपलब्ध आहे. विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत जाऊन ‘चौथा मजला’ असे उत्तर मिळेल असा प्रश्न २६४ कामगारांना विचारला व त्यांच्या उच्चारातील ‘र’ नोंदविला. उंची दुकानात शेकडा ६२, मध्यम दुकानात ५१ व स्वस्त दुकानात २० कामगारांनी तो निदान काही वेळा उच्चारला. दुकानांची प्रतवारी लावताना लबॉव्ह यांनी तेथील मोकळी जागा, जमिनीवरील आच्छादन व मालाची मांडणी हीही विचारात घेतली होती, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी वही घेऊन दोन प्रकारच्या दुकानांत बसावे: एक, जेथे बसून मागतात, दुसरे, जेथे ओट्याशी उभे राहून मागतात. मागणीच्या प्रत्येक वाक्यातील क्रियारूप, संबोधन, बोलणाऱ्याचे अंदाजे वय व स्त्री-पुरुष भेद एवढे नोंदवावे. नावे नोंदवू नयेत. तेच गिऱ्हाईक दोन्ही ठिकाणी ऐकावयास मिळाले, तर ती नोंद विशेष मोलाची ठरेल. ‘आण’चा ‘द्या’ होतो की नाही, आणि झाला तर तो ओट्यामुळे होतो की कॉफीच्या किमतीमुळे, हे त्यावरून ठरेल. किंमत हे कारण निघाले, तर वरील विवेचनाचा एक भाग मागे घ्यावा लागेल. ओटा हे कारण निघाले, तर सुताराला द्यावयाच्या मापांत भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचाही थोडा वाटा राहील.